सेक्रेड गेम्स सीझन २ चा शेवट : परत बघितला, तरी मन भरलं नाही

पंचगंगाकाठ

शेवटासकट सगळं लिहिणार आहे, ज्यांनी बघितली नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा.

मागच्या आठवड्यात नेटफ्लिक्सवरच्या सेक्रेड गेम्सचे दोन्ही सीझन परत बघितले, आठ आणि आठ सोळा भाग, रोज रात्री पोरं झोपली की दोन-दोन. परत बघायचं कारण असं की दुसरा सीझन पहिल्यांदा बघितला तेव्हा माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, त्यामुळे शेवट बघून जी चिडचिड झाली ती सिरीजमुळे की माझ्याच मनःस्थितीमुळे हे मला कधी ठरवता आलं नव्हतं. आता ठरलं. शेवट फसलाय. आणि बॉम्बचं काय झालं ते सांगितलं नाही म्हणून फसलाय असं माझं म्हणणं नाहीये.

पहिला सीझन ६ जुलै २०१८ ला आला तेव्हा मी नोकरीला पुण्यात होतो, आम्ही चौघांनी दोन रात्रीत संपवला. पहिल्याच भागात मुंबईचा गँगस्टर गायतोंडे पोलीस इन्स्पेक्टर सरताजला फोन करून सांगतो की २५ दिवसांत सगळे मरणार, फक्त त्रिवेदी वाचणार, आणि स्वतःला गोळी घालून घेतो. झालं, तिथून घड्याळ सुरू. पुढचे तेरा महिने मेसमध्ये जेवताना आमचा हाच विषय, त्रिवेदीच का, गायतोंडे ज्यात लपला होता तो बंकर कुणासाठी, सरताजलाच फोन का. एवढी वाट मी कुठल्या सिनेमाचीसुद्धा बघितली नव्हती.

दुसरा सीझन आला १५ ऑगस्ट २०१९ ला. आमच्या कोल्हापूरकडच्यांना तो ऑगस्ट वेगळा सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ च्या वर, शिरोलीजवळ हायवे बंद, मी आधीच सुट्टी टाकून घरी आलो होतो आणि तिथेच अडकलो. आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. आजी काही केल्या घर सोडेना. होडीवाले खाली थांबलेत, ओरडतायत, आणि ही माळ्यावर बसून. शेवटी तिने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण काढून ओच्यात बांधला, गॅसचं बटण बंद आहे का ते मला दोनदा बघायला लावलं, शेजारच्या काकूंना नेलं का विचारलं, आणि मग म्हणाली, आता चला. पाणी उतरल्यावर चिखल काढण्यातच पुढचे आठ-दहा दिवस गेले, त्यातच एका रात्री मावशीकडे मोबाईलवर मी शेवटचा भाग बघितला.

आणि तिथे मुंबई मरायला निघालीये, अणुबॉम्ब, काही मिनिटं उरलेली, आणि मला त्या शहरातलं एकही माणूस दिसेना ज्याच्यासाठी माझा जीव वर-खाली व्हावा. एकही घर नाही, एकही म्हातारी नाही जी बाळकृष्ण शोधतेय. एक यंत्र, त्याच्यावर मोबाईलसारखं पॅटर्न लॉक, सरताजचं बोट आणि मग काळी स्क्रीन. पहिल्या सीझनमध्ये मुंबई होती हो. गायतोंडेची वस्ती गोपालमठ कचऱ्याच्या डोंगरावर कशी उभी राहिली ते दाखवलं होतं, सरताजचा हवालदार काटेकर, त्याचं घर होतं, पोलीस ठाण्यातलं ते पिवळट उजेडातलं टेबल होतं. दुसऱ्यात गायतोंडे केनियात मोंबासाला, तो ज्याच्या नादी लागतो तो गुरुजी क्रोएशियात, आणि उरलेली मुंबई म्हणजे एक आश्रम. ज्या शहराला वाचवायचंय तेच तुम्ही आठ भाग बाजूला ठेवलंत, मग ते वाचलं की नाही हा प्रश्न शेवटी कुणाला विचारताय?

तुम्हाला काय वाटलं ते सविस्तर लिहा प्लीज.


रातराणी७

अगदी अगदी. आमच्याकडे तर नेट गेलं असं समजून नवऱ्याने राउटर बंद करून परत चालू केला होता. मग कळलं की हाच शेवट. सासूबाई पण बसल्या होत्या बघायला, त्या म्हणाल्या पुढचा भाग कधी, आणि तो पुढचा भाग आजपर्यंत आला नाही. तिसरा सीझन येईल या आशेवर किती दिवस काढले मी.


कात्रीवाला

मी एडिटिंगमध्ये आहे, बारा-तेरा वर्षं झाली, त्यामुळे थोडं कामाच्या बाजूने लिहितो.

पहिल्या सीझनमध्ये दोन ट्रॅक होते, दोन दिग्दर्शक. गायतोंडेचा भूतकाळ अनुराग कश्यपकडे, सरताजचा वर्तमान विक्रमादित्य मोटवानेकडे. दुसऱ्या सीझनमध्ये सरताजचा ट्रॅक नीरज घायवानने केला. दोन ट्रॅकची गोष्ट कापताना एकच गोष्ट सांभाळायची असते, इकडच्या सीनने तिकडच्या सीनला काहीतरी द्यायला पाहिजे. पहिल्या सीझनमध्ये ते होतं. गायतोंडे एखादं नाव बोलून जायचा आणि पुढच्या कटला सरताज त्याच नावाच्या दारात उभा असायचा, म्हणजे मेलेला माणूस जिवंत माणसाला वाट दाखवतोय असं वाटायचं. दुसऱ्यात ते दोन रूळ समांतर धावतात. गायतोंडेची वर्षंच्या वर्षं निघून जातात, सरताजकडे हाताच्या बोटावर मोजण्याएवढे दिवस उरलेत, आणि आपण मोंबासाहून मुंबईत परत आलो की मधल्या वेळात घड्याळ थांबूनच होतं असं वाटतं. काउंटडाऊनचा जीवच त्यात असतो. स्क्रीनवर आकडा नुसता दाखवून भागत नाही, बघणाऱ्याने मनातल्या मनात मोजायला पाहिजे, आणि मी तिसऱ्या भागानंतर मोजणं सोडलं होतं.

आता शेवटाबद्दल. ओपन एंडिंगला माझा विरोध नाही, पण ते कुठे कापायचं याला महत्त्व असतं. माणसाने निर्णय घेतला की गोष्ट संपते, नंतर काय झालं ते नाही दाखवलं तरी चालतं. सरताज पहिल्या भागात कोण आहे? झोपेच्या गोळ्या खाणारा, बायको सोडून गेलेली, ठाण्यात कुणी किंमत देत नाही असा माणूस. तो शेवटी त्या यंत्रापाशी थांबतो, इथे त्याची गोष्ट पूर्ण झाली. पण ते तिथे थांबत नाहीत. पुढे लॉक उघडेल का नाही, बरोबर का चूक, याच्यावर सगळा ताण नेऊन ठेवतात आणि मग उत्तर खिशात घालून निघून जातात. तुम्हीच मला ताटावर बसवलं, तुम्हीच वाढलं नाही. माझा आक्षेप एवढाच आहे पण तो मोठा आहे.


स्वच्छंद

मला दुसरा सीझन जास्त आवडला, त्यामुळे दुसरी बाजू मांडते.

पंचगंगाकाठ, तुमचा पुराचा अनुभव वाचून गलबलून आलं, पण मोंबासाबद्दल मला वेगळं वाटतं. गायतोंडेला मुंबईतून उचलून लांब नेणं हीच त्याची शिक्षा आहे. जो माणूस स्वतःला त्या शहराचा देव समजत होता त्याला परक्या देशात एका बाईच्या हुकमावर जगावं लागतं. आणि ती बाई म्हणजे आपली अमृता सुभाष! कुसुमदेवी यादव, रॉची अधिकारी, साधी साडी, आवाज चढवत नाही, आणि समोर गायतोंडे झालेला नवाजुद्दीन सिद्दीकी असून प्रत्येक सीनमध्ये आपण तिच्याकडेच बघतो. एखाद्या बाईला असा रोल आपल्याकडे कितीदा मिळतो? गुरुजी पण तसाच. पंकज त्रिपाठी एवढा हळू आणि गोड बोलतो की कलियुग लवकर संपवू, सत्ययुग आणू हे ऐकताना क्षणभर पटतं आपल्याला, आणि पटलं म्हणून भीती वाटते. गायतोंडेसारखा माणूस त्याच्या पायाशी जाऊन बसतो हे मला खरं वाटलं, एकटा पडलेला माणूस कुठेही जाऊन बसतो.

शेवट मला धक्कादायक वाटला पण फसवणूक नाही वाटली. शहर वाचेल का हे आपल्यालाही माहीत नाही, असंच म्हणायचं असेल त्यांना.


पंचगंगाकाठ

स्वच्छंद, अमृता सुभाषबद्दल शंभर टक्के मान्य, माझ्या लिहिण्यात तिचा उल्लेख राहिला ही चूकच. आणि गायतोंडेच्या एकटेपणाचं पण पटलं, त्या नजरेने मी बघितलं नव्हतं. पण मग सरताजच्या बाजूला तेवढंच शहर असायला हवं होतं ना, एकाला शहरापासून तोडलंय तर दुसऱ्याच्या पायाखाली ते शहर जाणवायला पाहिजे. तो पण आश्रमात जाऊन ती लाल गोची, म्हणजे तिथलं नशेचं पेय, पिऊन बसतो आणि मग दोन्हीकडे धूरच धूर.

कात्रीवाला, 'ताटावर बसवलं आणि वाढलं नाही', अगदी हेच मला म्हणायचं होतं.


नायगावकर

माझे वडील मुंबई पोलिसात हवालदार होते, आम्ही नायगावच्या पोलीस लाईनमध्ये वाढलो. मी ही सिरीज फक्त काटेकरसाठी बघितली आणि काटेकर गेल्यावर माझ्यासाठी निम्मी संपली.

जितेंद्र जोशींनी जो काटेकर केलाय तो मी रोज बघितलाय. साहेबापुढे उभं राहायची ती पद्धत, पूर्ण ताठ नाही पण अदबीने, साहेब चुकतोय हे कळत असून गप्प बसणं, मग जीपमध्ये दोघेच असले की हळूच एक वाक्य बोलणं, ते सुद्धा मराठीत. पप्पा घरी आले की पहिल्यांदा पट्टा काढायचे आणि दाराच्या मागच्या खिळ्याला लावायचे, मग बूट, मग मोजे, आणि मोजे काढल्यावर पायाला वळ दिसायचे ते आई रोज बघायची आणि रोज काही बोलायची नाही. बंदोबस्ताच्या दिवसात डबा जसाच्या तसा परत यायचा. काटेकर आणि त्याची बायको शालिनी यांच्या घरातले सीन आले तेव्हा मी आईला हाक मारून बसवलं होतं शेजारी. नेहा शितोळेने नवरा गेल्यावर जे काम केलंय ना, तिचा तो बसलेला चेहरा, त्यावर बोलायला माझ्याकडे शब्द नाहीत. आई उठून आत गेली.

म्हणून शेवटाचा मला राग आला. शेवटच्या भागात सगळं शहर पणाला लागलंय तर शालिनी कुठे आहे? तिची पोरं कुठे आहेत? काटेकर ज्या ठाण्यात होता त्या ठाण्यातले बाकीचे शिपाई कुठे बंदोबस्ताला लावलेत? असा प्रसंग आला तर साहेब लोकांच्या मीटिंगा होतात, पण नाक्यावर उभा राहतो तो शिपाईच, आणि त्याला कुणी सांगत पण नाही की नक्की काय झालंय. पप्पा म्हणायचे, आम्हाला फक्त सांगतात की इथून हलायचं नाही. त्या हलू न शकणाऱ्या माणसाचा एक शॉट दाखवला असता तरी मी त्यांना बाकीचं सगळं माफ केलं असतं.


कात्रीवाला

नायगावकर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही म्हणताय तो एक शॉट खरंच पाहिजे होता.


जुना_वाचक

मी शाळेत इतिहास शिकवायचो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मुलाने आग्रहाने ही मालिका दाखवली. शिव्या फार आहेत, तेवढं सोडून देऊ.

शेवटच्या भागाचं नाव 'रॅडक्लिफ' आहे याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ ला भारतात आले, त्याआधी त्यांनी हा देश पाहिलेला नव्हता. साधारण पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगालवरून रेषा ओढली. आणि ती जाहीर कधी झाली? १७ ऑगस्टला. म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाले तरी सीमेवरच्या लाखो लोकांना आपण कोणत्या देशात आहोत हे माहीत नव्हतं. गुरदासपूरमध्ये तर पाकिस्तानचा झेंडा लागला होता आणि नंतर जिल्ह्याचा बहुतेक भाग भारतात आला. त्या दोन दिवसांत तिथल्या घराघरात काय चाललं असेल याची कल्पना करा.

मालिकेच्या त्या शेवटच्या भागात सरताजच्या आईची फाळणीत ताटातूट झालेली बहीण येते, आणि शाहिद खान हा त्याच बहिणीचा मुलगा निघतो. म्हणजे बॉम्ब ठेवणारा आणि बॉम्ब थांबवायला बसलेला, दोघे मावसभाऊ. आता सरताज शेवटी काय करतो ते पाहा. ठिपक्यांवरून बोटाने रेषा ओढतो. १९४७ साली एकाने पेन्सिलीने रेषा ओढली आणि घरं तुटली, आज दुसरा बोटाने रेषा ओढतोय आणि सगळ्यांचं आयुष्य तिच्यावर अवलंबून आहे. निकाल न सांगणं मला त्यामुळे योग्य वाटलं. ती १५ ते १७ ऑगस्टमधली अधांतरी अवस्था आहे. मालिकाही १५ ऑगस्टलाच आली होती हे विसरू नका.


पंचगंगाकाठ

सर, हे वाचून मी रात्री उठून शेवटची दहा मिनिटं परत लावली. रेषेचं मला कधीच सुचलं नसतं, आणि आता ते बोट दिसलं की तुमची पेन्सिल आठवणार.

पण सर, एक विचारू का? एवढी मोठी गोष्ट जर हातात होती तर ती शेवटच्या भागात का आणली? सरताजची आई आपल्याला आधीपासून माहितीये, मग तिची बहीण, तिचं ते अर्ध्यावर तुटलेलं बालपण आधी कुठेतरी रुजवायला हवं होतं, म्हणजे शाहिद खान कोण आहे हे कळल्यावर आपल्या पोटात गोळा आला असता. मला फक्त 'बरं, असं आहे होय' एवढंच झालं. शाहिद खान, म्हणजे रणवीर शौरी, एवढा चांगला नट, त्याच्या तोंडी किती कमी आलंय. तुम्ही इतिहास शिकवलाय म्हणून तुम्ही ते रिकामं जागच्या जागी भरून घेतलंत, आम्ही नाही भरू शकलो. दिग्दर्शकाने भरायला पाहिजे होतं.


जुना_वाचक

आपला मुद्दा मान्य. आधी पेरायला हवं होतं. धड्याची प्रस्तावना शेवटच्या तासाला घेतली तर मुलांच्या डोक्यावरून जाणारच.


धुकं_आणि_चहा

मी यूकेत लेस्टरला असते. धागा वाचून लाईन ऑफ ड्युटी आठवली, इथे त्याच्या सहाव्या सीझनच्या शेवटावरून असाच गदारोळ झाला होता. पोलीस खात्यातल्याच भ्रष्ट लोकांना पकडणाऱ्या युनिटची गोष्ट, बीबीसीची. वर्षानुवर्षं एकच प्रश्न, 'एच' कोण? मरता मरता एक अधिकारी बोटाने टकटक करतो, मोर्स कोडमध्ये एच म्हणजे चार टिंबं, म्हणजे चार माणसं, तीन सापडली, चौथा कोण. २ मे २०२१ ला शेवटचा भाग लागला, १ कोटी २८ लाख लोकांनी तो त्या रात्री बघितला, दुसऱ्या दिवशी बँक हॉलिडे होता म्हणून आम्ही शेजारपाजारचे तीन घरचे एकत्र बसलो होतो. आणि चौथा निघाला बकल्स! पहिल्या सीझनपासून असलेला, आळशी, अर्धवट कामाचा अधिकारी, जो एक इंग्रजी शब्द कायम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचा आणि त्यावरूनच पकडला गेला.

लोक इतके भडकले. आमच्या समोरच्या आजी म्हणाल्या की या माणसासाठी मी नऊ वर्षं बसले? पण मला तो शेवट हळूहळू पटत गेला. मोठा राक्षस कुणी नसतोच, एक सुमार माणूस असतो ज्याला कुणी हटकलं नाही. म्हणून मला वाटतं की उत्तर दिलं की लोक खूश होतात असंही नाही. पण उत्तर दिलं असेल तर त्याच्याशी भांडता तरी येतं, आम्ही महिनाभर भांडलो. सेक्रेड गेम्सच्या शेवटाशी मला भांडताच येत नाही, कारण समोर काही ठेवलेलंच नाही.


रातराणी७

'भांडता तरी येतं' हे फारच पटलं.

आपल्याकडे २०१६ ला रात्रीस खेळ चाले संपली तेव्हा पण आमच्या घरी सगळे हिरमुसले होते. आठ महिने रोज रात्री कोकणातलं ते नाईकांचं घर, कोण करतंय हे सगळं म्हणून पैजा लागलेल्या, आणि शेवटच्या आठवड्यात एवढी घाई की आधीच्या निम्म्या गोष्टींचा हिशोबच लागला नाही. नंतर दुसऱ्या भागात अण्णा-शेवंता आले आणि लोक पहिला शेवट विसरले. पण मी नाही विसरले.


सिअ‍ॅटलचा_पाऊस

द किलिंग कुणी बघितली होती का? एएमसीवर २०११ साली, गोष्ट आमच्याच सिअ‍ॅटलमध्ये घडते म्हणून इथे सगळे बघायचे. रोझी लार्सन नावाच्या मुलीचा खून, १३ भाग, जाहिराती सगळ्या 'रोझीला कुणी मारलं' याच्यावर, आणि १९ जूनला शेवटच्या भागात सांगितलंच नाही! पुढच्या वर्षी जूनमध्ये सांगितलं. मूळ डॅनिश मालिकेत २० भागांत एक केस, आणि तिच्या शेवटी उत्तर होतं. इकडे १३ वर तोडून पुढे ढकललं. मी दुसरा सीझन बघितला पण विश्वास उडाला तो उडालाच, दर भागाला वाटायचं की हे परत हातावर तुरी देणार. निदान त्यांना पुढचा सीझन तरी मिळाला. सेक्रेड गेम्सचं वाईट हे की पुढे काहीच नाही.


नवीन_प्रेक्षक

मी अजून बघितली नाहीये, सगळं वाचलं तरी. पहिला सीझन बघून थांबलं तर चालेल का?


स्वच्छंद

थांबू नका हो. कुसुमदेवीसाठी तरी दुसरा बघा. शेवट काय आहे हे आता तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे आमच्यासारखा धक्का बसणार नाही आणि वाटेतलं चांगलं जास्त नीट दिसेल.


पानोपानी

उशिरा आले धाग्यावर. मी विक्रम चंद्रांची मूळ कादंबरी वाचलीये, २००६ ची, नऊशेच्या वर पानं, दोन महिने लागले होते मला. कुणाला वाचायची असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

कादंबरीत बॉम्ब सापडतो. शहर वाचतं. आणि गंमत नाही, खरं सांगते, ते सगळं पुस्तकाच्या शेवटाच्या बरंच आधी होऊन जातं, त्याच्यापुढे केवढं तरी पुस्तक उरतं. आणि त्या उरलेल्या पुस्तकात काय आहे तर लोकांचं जगणं. सरताज परत त्याच्या रोजच्या कामाला लागतो, कुणाचा तरी प्रश्न, कुणाची तरी तक्रार, एक नवीन नातं. अगदी शेवटी तो सकाळी पोलीस ठाण्यात पोचतो आणि त्याचा दिवस सुरू होतो, बस. मी ते पान वाचून रडले होते. कारण नऊशे पानं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते हेच तर होतं, की उद्या सकाळी माणसं कामाला जातील.

सिरीज बनवताना शेवट बदलायचा त्यांना हक्क आहेच, पुस्तक जसंच्या तसं करा असं मी म्हणणार नाही. पण पंचगंगाकाठ जे म्हणतायत की शहर बाजूला ठेवलं, ते या बदलामुळेच झालंय असं मला वाटतं. ती दुसऱ्या दिवशीची सकाळ काढून टाकली की हातात फक्त बॉम्ब राहतो. लोकलने रोज ७५ लाखांच्या आसपास माणसं जातात त्या शहरात, त्यातली एक गाडी ठाण्याहून सुटताना दाखवली असती, चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेला माणूस, बस, मला वाचलं की नाही ते पण नको होतं मग.


पंचगंगाकाठ

पानोपानी, तुम्ही तर माझ्या सगळ्या धाग्याचं उत्तरच आणलंत. मला पुस्तकाचा शेवट माहीत नव्हता. आमच्याकडे पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी चहाची गाडी लागली होती, आजूबाजूला गुडघाभर चिखल, गाद्या वाळत घातलेल्या, आणि तो माणूस स्टोव्हला पंप मारत होता. आम्ही पंधरा-वीस जण नुसते त्याच्याभोवती उभे राहिलो. कुणाला चहाची तेवढी गरजही नव्हती. ते सकाळचं दृश्य मला अजून दिसतं.


नायगावकर

हे वाचून लिहावंसं वाटलं. २६/११ ला पप्पा बंदोबस्तावर होते. बुधवारी रात्री गेले ते घरी आले २९ तारखेला दुपारी, सगळं संपल्यावर. मधे एकदा फोन आला, कुणाच्या तरी मोबाईलवरून, मी बरा आहे एवढंच बोलले. आले तेव्हा दाढी वाढलेली. पट्टा काढला, खिळ्याला लावला, बूट काढले, मोजे पायाला चिकटले होते ते आईने पाण्याने भिजवून काढले. आंघोळ केली, वरण-भात जेवले, दोन तास झोपले. संध्याकाळी सहाला उठून परत तयार झाले. मी अकरावीत होते, मी विचारलं, पप्पा आता कुठे, सगळं संपलं ना? तर म्हणाले, ड्युटी आहे बाळा, रिलीव्हर आलेला नाही.

पानोपानी, मला ते पुस्तक मिळेल का वाचायला? विकत घेईन पण आधी शेवटची काही पानं आईला वाचून दाखवायची आहेत.


पानोपानी

नक्की देते. माझी प्रत जाडजूड आहे, कडा पिवळ्या पडल्यात आणि मधे पेन्सिलीच्या खुणा आहेत, चालेल ना? मी रविवारी दादरला येतेय, निरोप टाकते तुम्हाला. आईंना आधी थोडी गोष्ट सांगा मात्र, नाहीतर काटेकरचं पान अचानक समोर येईल, तो पुस्तकातही जातो.


नायगावकर

चालेल. ते पान मी आधी एकटी वाचेन.